बोट सुटायच्या आत

हिंगोलीकर आणि क्रूझ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आधी हसूच येतं. आमच्याकडे पाणी म्हणजे कयाधू, आणि तीही मार्चनंतर शोधावी लागते. बंदर म्हणावं असं आमच्या वाट्याला एकच आलं, ते म्हणजे पूर्णा जंक्शन. मीटरगेजच्या जमान्यात (अकोला-पूर्णा लाईन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, त्याच्या आधीची गोष्ट) हिंगोलीहून मनमाड-मुंबईकडे जायचं म्हणजे पूर्णेला गाडी बदलणं आलं. दोन गाड्यांच्या मधे जो काही वेळ मिळेल त्यात स्टेशनाबाहेर पळायचं, गरम भजी हाणायची, आणि गाडी लागल्याची हाळी आली की जीभ भाजून घेत चहा संपवून परत पळायचं. गावाची खरी चव स्टेशनाच्या आत नसते, बाहेर दोन मिनिटांवर असते, आणि ती घ्यायची तर गाडी चुकायची भीती पोटात घेऊनच घ्यावी लागते, हे ज्ञान मला तिथे झालं.

म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात माझ्या शाळेतल्या मित्राची मेल आली तेव्हा मला पूर्णाच आठवलं. हा गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत. बायकोच्या आग्रहाने दुबईहून सिंगापूरला जाणाऱ्या बोटीवर चढलेला असणार होता, आणि ती बोट नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मुंबईत थांबणार होती. मेल अशी :

"सकाळी नऊला लागते, साडेचारच्या आत परत चढायचं. हिंगोलीला जाऊन येणं शक्य नाही. तू पुण्याहून ये. त्या बसच्या टूरमधे मला घालू नको. जुन्या बेकऱ्या, जुनी हॉटेलं दाखव. आणि एक काम आहे, ते भेटल्यावर सांगतो."

आता मुंबई ही काही माझी नाही. मी पुण्यातल्या आयटी पार्कात बसून दुसऱ्यांच्या सिस्टीम्स सांभाळणारा माणूस. पण एखाद्या गोष्टीची डेडलाईन आली की अभ्यास करायची खोड आहे. दोन वीकेंड त्यात घातले, आणि त्यात जे सापडलं ते खाण्यापेक्षा जास्त निघालं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गंमत बंदराचीच. बोटी लागतात तो बॅलार्ड पिअर आणि त्याच्यासमोरची बॅलार्ड इस्टेट. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड, त्यांचं हे नाव. अलेक्झांड्रा डॉक (आताची इंदिरा गोदी) खणताना जी माती-दगड निघाले त्यांचा समुद्रात भराव घातला आणि १९०८ ते १९१४ या काळात त्यावर ही अख्खी वसाहत उभी केली. नकाशा जॉर्ज विटेटचा, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया ज्याने बांधलं तोच. त्यामुळे तिथे फिरताना आपण लंडनच्या एखाद्या गल्लीत आहोत असं वाटतं. तसं वाटावं हाच हेतू होता.

पण त्याहून मजेशीर म्हणजे बोटीवरून उतरलेल्या साहेबाने मुंबईत पाऊलच टाकू नये अशी सोय तिथे होती. धक्क्याला लागूनच रेल्वे स्टेशन. बोट लागली, सामान उतरलं, साहेब समोरच्या गाडीत बसला की निघाला उत्तरेला. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच पेशावरला सुटायची. जेवण बोटीवर, पुढचं जेवण गाडीत. मधल्या मुंबईशी त्याच्या पोटाचा संबंध नाही. आजच्या क्रूझवाल्यांचंही तेच. एसी बस, गेटवे, धोबीघाट, मणिभवन, आणि जेवायला परत बोटीवरचा बुफे. (नवं क्रूझ टर्मिनल तेव्हा अर्धवट होतं, त्याचं उद्घाटन पुढे २० सप्टेंबर २०२५ ला झालं. टर्मिनल चकाचक आहे, पण बस तीच!)

मग त्या बंदराच्या आसपास खात कोण होतं? बोटीवरून उतरणारे नव्हेत. बोट रिकामी करणारे, गोदीतले कारकून, टॅलीवाले, हमाल, खलाशी, पोस्टातली आणि बँकांतली माणसं. म्हणजे जी माणसं मुंबईत एकटी राहत होती, ज्यांच्या घरी चूल पेटवायला कोणी नव्हतं, ती. पोर्ट स्टॉपवर "पारंपरिक" म्हणून जे शोधायचं ते या लोकांचं खाणं.

सव्वादहाला मित्र ग्रीन गेटमधून बाहेर आला. बरोबर वहिनी आणि बारा वर्षांची लेक. मिठी वगैरे झाल्यावर पहिलं वाक्य : "अबे, पोट किती सुटलं तुझं." पंधरा वर्षांनीही माणसाची हिंगोली जात नाही ती अशी.

आम्ही चालतच निघालो. हॉर्निमन सर्कल, फाउंटन, आणि मग कावसजी पटेल स्ट्रीटवरची याझदानी बेकरी. मेहेरवान झेंड यांनी ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. ही इमारत त्याआधी जपानी बँकेची होती असं सांगतात. उतरत्या छपराची, बाहेरून एखाद्या जुन्या गोदामासारखी दिसणारी जागा. आत बाकडी, ताज्या पावाचा वास. आम्ही ब्रून मस्का आणि चहा सांगितला. ब्रून म्हणजे कडक पाव. वरून कवच असं की चावताना आवाज व्हावा, आत मऊ. मधून कापून लोण्याचा जाड थर आणि तो चहात बुडवायचा. लेकीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "काका, हे इंडियन आहे का?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. पाव हा शब्दच पोर्तुगीज. बटाटाही पोर्तुगीज, त्यामुळे आपला अस्सल मराठी वडापाव (तोही दादर स्टेशनाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी सुरू केला असं मानतात) अर्ध्याहून जास्त त्यांच्या शब्दांत आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले. गहू मिळाला, यीस्ट मिळेना. मग माडीवर पीठ आंबवायला सुरुवात झाली. गोव्यातले पोदेर ते काम शिकले आणि पुढे त्यांच्यातले कितीतरी मुंबईत येऊन भट्ट्या चालवू लागले. इराणी बेकऱ्या त्यानंतरच्या.

पण पाव मराठी माणसाच्या तोंडात सहजासहजी गेला नाही. वसई-गोव्याकडच्या कथा आपण ऐकलेल्या असतात : विहिरीत पाव टाकला, लोक पाणी प्याले, अख्खं गाव बाटलं. एक तुकडा आणि धर्म गेला! त्यामुळे ज्यांना जात मोडायची होती त्यांनीही पावच हातात घेतला. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. गुप्त संस्था. जातिभेद मानत नाही याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, मग सभासदत्व. विचार करा, पावाचा तुकडा हा त्या लोकांचा पासवर्ड होता. पुढे १८६० मध्ये सभासदांची यादीच चोरीला गेली आणि नावं फुटतील या धसक्याने सभा मोडली. आजच्या भाषेत डेटा लीक.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनचं प्रकरण झालं. मिशनऱ्यांच्या कार्यक्रमाला टिळक, रानडे, गोखले असे लोक गेले. चहा-बिस्किटं आली. कोणी खाल्ली, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी (हो, आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं "पुणे वैभव"मध्ये छापून आणली आणि गावात भूकंप. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी! आपण शाळेत हे वाचून हसतो आणि पुढचा धडा उघडतो.

मीही तिथे बाकड्यावर बसून हे सगळं हसत हसतच सांगत होतो. त्यात भर म्हणून आमच्या आजीचं सांगितलं. आजीच्या स्वयंपाकघरात पाव येत नसे. आमच्याकडे पाव म्हणजे तापाचं अन्न. कोणाला ताप आला की बेकरीतून पाव यायचा, आणि तो ओसरीच्या खिडकीतल्या एका जुन्या ताटलीत ठेवायचा. दूध वरून ओतायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. नानखटाईला मात्र सूट. दिवाळीत मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून आम्ही त्याच बेकरीत जायचो, रात्री उशिरा नंबर लागायचा, आणि ती भाजलेली नानखटाई सरळ देवघरासमोरून आत! आजीचं लॉजिक असं की जिन्नस आपले, भट्टी तेवढी त्यांची.

(जाता जाता : हिंगोलीत पावाला इतका परका म्हणायचं कारण नाही. १९०३ पर्यंत तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, गोऱ्या अधिकाऱ्यांसकट. आणि १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे. हैदराबादच्या उस्मानिया बिस्किटाबद्दल अशी गोष्ट सांगतात की ते मुळात उस्मानिया हॉस्पिटलातल्या रोग्यांसाठी केलेलं. म्हणजे बिस्किट असो की पाव, आमच्या बाजूला ते आजाऱ्याच्या उशाशीच भेटणार.)

मित्र ऐकत होता. मग कप खाली ठेवून म्हणाला, "तुझी आजी पाव घरात घेत नव्हती. आमच्या बाबांना हॉटेलवाला घरात घेत नव्हता."

आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "ती खिडकीतली ताटली मला आठवते. मी आलो की पोहे तिच्यातच यायचे."

मला आठवत नव्हतं. म्हणजे ताटली आठवत होती. पोहे आठवत होते. तो ओसरीवर बसून खायचा तेही आठवत होतं, पण आम्ही पोरं ओसरीवरच बसायचो असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी त्याच्या घरी आत चुलीपाशी बसून कितीदा जेवलो असेन. ही दोन चित्रं मी चाळीस वर्षांत एकदाही शेजारी ठेवून बघितली नव्हती. काय बोलायचं ते सुचेना. त्यानेच विषय पुढे नेला, कारण साडेचारची वेळ डोक्यावर होती आणि त्याला त्याचं काम सांगायचं होतं.

त्याचे बाबा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. तेव्हा तो परभणी जिल्हा, हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा झाला. गावातल्या हॉटेलात त्यांच्या वस्तीसाठी वेगळा कप. बाहेरच्या देवळीत ठेवलेला, कान तुटका. चहा वरून ओतणार, पिऊन झाला की स्वतः धुवून परत देवळीत. मग १९७२ चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, रोजगाराची कामं, सुकडी. वीस वर्षांचा हा पोरगा कोणाच्या तरी ओळखीने मुंबईला आला आणि दीड वर्ष गोदीत ओझी उचलली. पुढे परत जाऊन शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाले. मला ते गुरुजी म्हणूनच माहीत. गोदीबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता.

"बाबा मुंबईबद्दल दोनच गोष्टी सांगायचे," मित्र म्हणाला. "एक, दर महिन्याला जीपीओतून मनीऑर्डर करायचे. दुसरी, मनीऑर्डर केली की जवळच्या इराण्याकडे जायचे. खुर्चीवर बसायचे. पोऱ्या कप आणून आदळायचा. बाजूच्या टेबलावरचा कप उचलायचा, धुवायचा, तोच यांना. यांचा धुवायचा, तो साहेबाला. ते हे कप आदळायचं इतक्या कौतुकाने सांगायचे की आई वैतागायची."

बाबा २०१८ मध्ये गेले. हॉटेलचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, किंवा यांनी विचारलं नाही. खुणा एवढ्याच : कोपऱ्यावर, दोन दारं, संगमरवरी टेबल, आरशावर हरीण काढलेलं, आणि दारातून जीपीओचा घुमट दिसायचा. ते काम होतं.

इथे इराण्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या दोन वीकेंडमध्ये मला सगळ्यात जास्त धक्का याच भागाने दिला होता. पारशी आणि इराणी दोघेही जरथुष्ट्री, पण पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेले, आणि हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे याझ्द आणि केरमानहून आलेले. याझदानी नावातच याझ्द ऐकू येतं. का आले? दुष्काळ हे एक कारण, १८७१ चा तर भयानक. दुसरं कारण म्हणजे तिथे त्यांची जी गत होती ती. याझ्दमध्ये जरथुष्ट्री माणूस अपवित्र समजला जायचा. बाजारातल्या खाण्याच्या जिन्नसाला त्याने हात लावायचा नाही. गावात घोड्यावर बसायचं नाही. कपड्यांचा रंगही ठरवून दिलेला. पावसात बाहेर पडायचं नाही, कारण त्याच्या अंगावरून ओघळलेलं पाणी दुसऱ्याला विटाळेल! वर जिझिया होताच. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी जवळजवळ तीन दशकं खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये जिझिया उठला.

पावसात बाहेर पडायचं नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसती माहिती म्हणून वाचलं होतं. याझदानीत बसून मित्राला सांगताना ते वेगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "म्हणजे हेपण आमच्यातलेच की."

आता यावरून इराण्यांनी समतेसाठी हॉटेलं काढली असं म्हणायला मी तयार नाही. धंदा होता. मोक्याच्या जागा त्यांना स्वस्तात मिळाल्या त्याचं कारण, असं सांगतात, की कोपऱ्यावरचं दुकान अशुभ म्हणून हिंदू व्यापारी तिथे जात नसत. यांना काय त्याचं! दोन रस्त्यांवर दोन दारं, दुप्पट गिऱ्हाईक. चहा स्वस्त ठेवायचा तर तो भरपूर खपला पाहिजे, आणि भरपूर खपायचा तर येणाऱ्याला तू कोण विचारून चालत नाही. त्याच काळात रेल्वे स्टेशनांवर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" वेगळं मिळत होतं, आणि शहरात "हिंदू हॉटेल", "ब्राह्मणांसाठी" अशा पाट्या होत्या. इराण्याकडेही पाट्या असायच्याच, पण त्या वेगळ्या : केस विंचरू नका, जास्त वेळ बसू नका, वगैरे. निसिम इझिकेल यांनी धोबीतलावच्या बस्तानीमधल्या अशा पाट्यांवरून कविताच केली. जास्त वेळ बसू नका म्हणणारी पाटी सगळ्यांनाच म्हणते, हा तिचा मोठा गुण.

आम्ही उठलो. ब्रून घेतले, सहा, कागदात बांधून. या पावाचं पुढे काय होणार हा प्रश्न तेव्हा इतका जवळ आलेला नव्हता. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेत आदेश दिला की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर जावं. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. बेकरीवाले म्हणतात खर्च झेपत नाही, जागा अपुरी, चव जाईल. मला चवीचा मुद्दा कळतो, पण भट्टीसमोर रोज दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कारागिराची छाती त्या चवीत धरलेली नसते, हेही कळतं. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शहरातला सगळ्यात स्वस्त, कोणालाही परवडणारा घास म्हणजे लादीपाव. भट्टी बदलायचा खर्च शेवटी त्या लादीवर येणार, आणि तो भरणारा माणूस ब्रून मस्क्याचे फोटो काढणारा नसणार.

असो. जीपीओ.

जीपीओची इमारत १९१३ ची, जॉन बेगने बांधलेली, विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेली. घुमट कुठून कुठून दिसतो ते बघत आम्ही बोरा बाजाराच्या बाजूने फिरायला लागलो. वहिनी आणि लेकीला पंचम पुरीवाल्याकडे बसवलं. त्यांच्या घरची कथा अशी की मूळ पुरुष आग्र्याकडून आला आणि दुकान बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या गाडीच्याही आधीचं आहे. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. खरंखोटं त्यांना माहीत, पण पुरीभाजी मात्र अशी की इतिहास विचारायचं सुचत नाही.

आम्ही दोघं गल्ल्या धुंडाळत होतो. मोबाईल नकाशा यात काही कामाचा नाही, कारण नकाशात जे आहे तेच असतं, जे होतं ते नसतं. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे काका भेटले. त्यांना खुणा सांगितल्या. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि विचारलं, "कुठला इराणी? या पट्ट्यात तीन-चार होते. एक बँकेने घेतला, एकाचं औषधाचं दुकान झालं." हरणाचा आरसा? त्यांना आठवत नव्हता. मग म्हणाले, आरसे सगळ्यांकडेच असायचे, पोऱ्यांवर नजर ठेवायला.

त्यांनी दाखवलेल्या एका कोपऱ्यावर आम्ही उभे राहिलो. गोलाई असलेला कोपरा, दोन रस्त्यांवर दोन दारं. एका दारात एटीएम, दुसऱ्यात मोबाईलची कव्हरं विकणारा. पायरी मात्र जुनी, मधोमध झिजलेली. मित्र पायरीवर उभा राहून मागे वळला. इमारतींच्या मधून घुमटाची एक फाक दिसत होती.

"हेच असेल?"

"असेल," मी म्हणालो. खरं तर दुसऱ्या कोपऱ्यावरूनही दिसत होती.

त्याने एटीएममध्ये जाऊन दोन हजार रुपये काढले. गरज नव्हती, मी होतो की. पण काढले, नोटा मोजल्या आणि बाबांनी मनीऑर्डरच्या फॉर्मवर सही करायला वापरलेल्या पेनाबद्दल काहीतरी सांगितलं, ते वाहनांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. परत विचारलं नाही.

धोबीतलावला १९०४ सालच्या कयानीकडे जाऊन मावा केक खायचा माझा प्लॅन होता, तो वेळेअभावी बारगळला. तिथून सरळ जेवायला बॅलार्ड इस्टेटमध्ये परत, ब्रिटानियात. १९२३ चं हॉटेल. रशीद कोहिनूर यांनी काढलं, आणि लायसन्स लवकर मिळावं म्हणून ब्रिटानिया नाव ठेवलं असं त्यांचे चिरंजीव बोमन सांगत असत. युक्ती लागू पडली, पण पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागाच ताब्यात घेतली! बोमन कोहिनूर म्हणजे मुंबईचं एक दैवतच होते. राणीचा फोटो दाखवत टेबलाटेबलाशी गप्पा मारणारे. २०१९ च्या सप्टेंबरात, म्हणजे आम्ही जायच्या दोनच महिने आधी, ते ९७ व्या वर्षी गेले.

तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध. लोक तो शंभर वर्षांचा पदार्थ समजून खातात. तसं काही नाही. आधी तिथे साहेबांच्या जिभेला झेपेल असं सौम्य खाणं मिळायचं. पुलाव बराच नंतरचा : बोमन यांच्या पत्नीला इराणमध्ये झेरेश्क घातलेला पुलाव आवडला, त्यावरून त्यांनी आपल्या हाताचा मसालेदार बेरी पुलाव केला, आणि बेऱ्या इराणहून मागवायला सुरुवात झाली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून शोधत येतो ती कधीकधी आपल्याच वयाची असते. मला यात फसवणूक वाटत नाही. भात सुटा, वर आंबटगोड लाल बेऱ्या, खाली मटण, सोबत पालनजीची रासबेरी. लेकीने दुसऱ्यांदा घेतला. मित्र मात्र जरा गप्प होता. वेटरने पाण्याचे ग्लास टेबलावर ठेवले, ठक् ठक् असे. मित्राने माझ्याकडे बघितलं आणि हसला.

चार वाजता ग्रीन गेटपाशी पोचलो. बाहेरचं खाणं बोटीवर नेता येत नाही असं वहिनींनी आठवण करून दिलं. सहा ब्रून तसेच होते. गेटबाहेर चहावाला होता, त्याच्याकडून कटिंग घेतले आणि फूटपाथवर उभं राहून आम्ही चौघांनी ब्रून बुडवून खाल्ले. मस्का नाही, नुसतेच. मी त्याला म्हणालो, "पुढच्या वेळी हिंगोलीला ये. आमच्याकडे जेवायला. आत." शब्द फारच अवघडून निघाले. तो म्हणाला, "आजी आहे का अजून?" मी म्हटलं, नाही, तिला जाऊन वीस वर्षं झाली. "ताटली?" ती असेल कुठेतरी माळ्यावर. "बघ," तो म्हणाला, "सापडली तर ठेव." कशाला ते नाही सांगितलं.

एसी बसेस परत यायला लागल्या होत्या. तो शेवटच्या क्षणी एक ब्रून रुमालात गुंडाळून जॅकेटच्या खिशात सरकवताना मी बघितलं. वहिनींनीही बघितलं असावं.

तिसऱ्या दिवशी कोचीहून मेसेज आला : "लई कडक झालाय. पण चहात बुडतो."